मास्तरांची अर्धी वाक्यं

एकोणीसशे शहाण्णव साल होतं आणि मी एकसष्ट वर्षांचा होतो. मिशा पांढऱ्या झालेल्या, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण तालमीतली पोरं अजून रस्त्यात वाट सोडून उभी राहायची. त्या वयात एका माणसानं मला माझ्याच गोठ्यात, माझ्याच म्हशीसमोर उभं केलं आणि सांगितलं, "मालक, चूक. परत म्हणा."

मला चूक म्हणणारा माणूस त्याआधी एकच होऊन गेला होता, तो माझा बाप. म्हणून ह्या दुसऱ्याबद्दल लिहून ठेवायला बसलोय.

आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो. नाव होतं त्यांना, पण पेठेत ते कुणी वापरलं नाही. उंच, वाळलेले, उसाच्या वाढ्यासारखे शेंड्याला जरा वाकलेले. अंगात बारा महिने एकच तपकिरी कोट. त्याच्या खिशात खडूचे तुकडे असायचे, त्यामुळं खिशाची कड कायम पांढरी. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले मी त्यांना कधी बघितले नाहीत. हातात धरून चालायचे. मी एकदा विचारलं की मास्तर, बसायचं नाही तर ही वागवता कशाला? म्हणाले, "बसलो तर लवकर पोचीन. पण लवकर पोचलो तर रस्त्यात माणसं कशी भेटतील?"

इंग्रजीचे मास्तर. शाळेतनं रिटायर झालेले. आमच्या मागच्या गल्लीत माडीवरची एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि दहावीला इंग्रजीत गेलेली पोरं गोळा करायचे. पास होणारी पोरं घ्यायचे नाहीत. त्यांना कुणीबी शिकवंल, म्हणायचे.

माझी त्यांची ओळख कट्ट्यावरची. आम्ही गवळी. कोल्हापुरात दूध कट्ट्यावर उभ्यानं प्यायचं असतं. पहाटे म्हैस चौकात आणायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, पेल्यात फेस वर आला की हातात द्यायचा. फेस बसायच्या आत पेला रिकामा झाला पाहिजे. मागनं प्यायलं तरी दूध ते दूधच, पण त्यातली मजा गेलेली असते. मास्तर रोज यायचे. कोटाचं बटण लावायचे, डोळे मिटायचे आणि एका दमात पेला संपवायचे. त्या वेळी कुणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. बाकीचा दिवस मात्र तोंडाला विश्रांती नाही.

आणि सरळ बोलायचं नाही. खोटं बोलायचे असं मी म्हणत नाही. सरळ बोलायचे नाहीत. "मास्तर, बरं हाय न्हवं?" असं विचारलं की माणूस काय म्हणतो, बरं हाय. मास्तर म्हणायचे, "दाढ दुखत नसती तर बरं असतं. काढली तर बरं हुईल." लग्नाचं आमंत्रण दिलं तर 'येतो' हा शब्द त्या तोंडातनं निघायचा नाही. पाऊस थांबला तर येतो, पंगतीत वांगं असलं तर थांबतो. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर त्याला आधी सांगायचे की डावीकडनं गेलास तर काय हुईल आणि उजवीकडनं गेला असतास तर काय झालं असतं. रिक्षावाले त्यांना बघून मीटर झाकायचे.

ह्याच्यापेक्षा मोठी खोड म्हणजे अर्धी वाक्यं. शिकवून झालेल्या पोराला मास्तर कधी सोडायचे नाहीत. पोरगं मोठं व्हायचं, नोकरीला लागायचं, पोट सुटायचं, तरी रस्त्यात दिसलं की मास्तर लांबनं अर्धं वाक्य फेकायचे. "इफ इट रेन्स..." आणि थांबायचे. सायकल धरून, भर चौकात. पलीकडनं उरलेलं अर्धं आलं पाहिजे. आल्याशिवाय हलायचे नाहीत. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, चौकातल्या हवालदारानं तोंडातली शिट्टी काढली, "आय विल टेक ॲन अम्ब्रेला, सर" म्हणाला, आणि शिट्टी परत तोंडात घातली. दवाखान्यात डॉक्टर सुई घेऊन आला तेव्हा मास्तर पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "इफ यू हर्ट मी..." डॉक्टर जुना विद्यार्थी. "यू विल शाऊट, सर," म्हणाला आणि टोचली. मास्तर ओरडले. नियम म्हणजे नियम.

आणि एका लग्नात तर कहर. नवरा त्यांचा विद्यार्थी. अंतरपाट धरलाय, भटजी सूर लावतोय, अक्षता मुठीत, आणि पहिल्या रांगेतनं मास्तर म्हणतात, "इफ शी सेज नो..." नवरदेवाला घाम फुटला. तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडनं बारीक आवाज आला, "ही विल स्टे बॅचलर, सर." नवरीबी त्यांचीच विद्यार्थिनी होती, हे नवऱ्याकडच्यांना त्या दिवशी कळलं.

मास्तर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी घाटावर मोठा जमाव होता, आणि कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटतं, सगळे सवयीनं वाट बघत थांबले होते, अर्धं कोण फेकतंय म्हणून.

ह्या खोडीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. मास्तर बौद्ध घरातले. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. तिथला एक साहेब येता-जाता म्हणायचा, 'इफ यू डोन्ट माइंड'. वडलांना अक्षर येत नव्हतं, पण कान तिखट. त्यांनी तेवढं पाठ केलं, घरी आणलं आणि पोराला दिलं. म्हणाले, "साहेब अर्धं बोलत न्हाई. ह्याच्या म्होरं कायतरी असणार. तू शीक आणि म्होरचं मला सांग." पोरगं त्या उरलेल्या अर्ध्यासाठी शिकत गेलं. मॅट्रिक झालं तेव्हा त्याला कळलं की ह्याच्या पुढं ठरलेलं असं काही नसतंच. ज्याला जे पाहिजे ते त्यानं भरायचं. मी विचारलं, मग वडलांना काय सांगितलंत? म्हणाले, "सांगितलं की म्होरचं म्हणजे मी." आणि लगेच हरणीच्या शेपटीकडं बघून पोरांना शेपटीचं इंग्रजी विचारायला लागले.

हरणी माझी म्हैस. आता गोठ्यात इंग्रजी कसं शिरलं ते सांगतो.

माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत बापानं हातात धारेची चरवी दिली आणि मी ती खुशीनं घेतली. लिहाय-वाचाय येतंय, पेपर मी कुणाकडनं वाचून घेत नाही. बाकी शिकलेल्यांचं मला कधी कवतिक वाटलं नाही. पण माझी नात वैशू, थोरल्याची पोरगी, त्या साली मार्चमध्ये दहावीला इंग्रजीत गेली. बाकी सगळ्यात पास. थोरला शिरोली एमआयडीसीत भट्टीवर कामाला. तापट माणूस, भट्टीवरनं घरी येताना थोडी भट्टी बरोबर आणायचा. संध्याकाळी जेवताना म्हणाला, बास झाली शाळा, आता स्थळं बघतो. मला वाटलं पोरगी भांडंल. तर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, मी परत परीक्षेला बसणारच न्हाई.

ते मला सोसलं नाही. गेलं तर गेलं, पण न लढता? माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मी म्हणालो, "तू बसलीस तर मीबी बसतो."

तिनं तोंड फिरवलं. "कुठं?"

"मास्तरच्या वर्गात. तुझ्या शेजारी."

थोरला हसला. "आबा, एबीसीडी तरी येती का तुम्हाला?" तो हसला नसता तर कदाचित मी विषय सोडून दिला असता. पण तो हसला. आणि आमच्यात बोललेला शब्द आणि काढलेलं दूध परत सडात जात नाही. थोरल्यानंही आपली अट घातली, ऑक्टोबरात परत गेली तर मग माझ्याशी कुणी बोलायचं नाही, मी सोयरीक जुळवणार. म्हणजे मास्तर घरात यायच्या आधीच आम्ही सगळे त्यांच्यासारखं बोलायला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडं गेलो. येतो म्हणालो, पण संध्याकाळची धार चुकणार नाही. ते म्हणाले, वर्गाची वेळ तीच आहे आणि ती बदलणार नाही. मी म्हणालो, मीही बदलणार नाही. त्यांच्या खोलीचं छप्पर गळत होतं, मधे ठेवलेल्या पातेल्यात टपटप चाललं होतं. शेवटी ते त्या पातेल्याकडं बघून म्हणाले, "गोठा गळत नसला तर वर्ग तिकडं येईल." माझा गोठा गळंल होय?

तर असा तो वर्ग भरला. नापास पोरं वैरणीच्या पेंढ्यांवर बसायची, वैशू पेंडीच्या पोत्यावर, आणि मी हरणीच्या कासेखाली. फीचा मास्तरांचा नियम उलटा होता. पास झालात तर तुम्ही मला दूध पाजा, नापास झालात तर मी मिसळ घालीन. एक पोरगं दोनदा गेलं तेव्हा पेठेत लोक म्हणाले की मुद्दाम गेलं. मास्तर म्हणाले, मुद्दाम न्हवं, त्याला मिसळीचा कट सोसतो.

एबीसीडी मला वैशूनं पावसाळ्याच्या तोंडाला शिकवली. मास्तरांनी थेट जर-तर काढलं. म्हणाले, पोरं सगळी इथंच अडकत्यात, आणि माणसंबी. फळा नव्हता. त्यांनी दावणीकडं बोट केलं.

हरणी दुभती. "इफ यू मिल्क हरणी, शी विल गिव्ह मिल्क." धार काढलीस तर दूध दील. हे पहिलं. ह्यात होण्यासारखं आहे, हात लावायची खोटी.

शेजारी बिजली, आटलेली, नुसती रवंथ करत उभी. "इफ बिजली वेअर इन मिल्क, शी वुड गिव्ह मिल्क." ती दुभती असती तर दिलं असतं. हे दुसरं. आत्ता नाही, पण मनात धरायला हरकत काय? मास्तर म्हणायचे, माणूस निम्मं आयुष्य ह्या दुसऱ्या म्हशीकडं बघत काढतोय, आणि त्यात वाईट काय न्हाई.

"वुड इफच्या दावणीला बांधायचं न्हाई," हे तर रोजचं, म्हणजे ज्या अर्ध्यात 'इफ' त्यात 'वुड' घालायचं नाही. पोरं चुकून बांधायची आणि मास्तर कपाळाला खडूचा हात लावायचे. गोठ्यातनं बाहेर पडताना त्यांचं कपाळ बुक्का लावल्यासारखं दिसायचं, पण पांढऱ्या रंगाचा.

मला पाठ करायला वेगळा वेळ कुठला? मी धारेतच पाठ करायचो. धारेला ठेका असतो, एक हात, दुसरा हात. इफ-यू-कम एका हाताला, आय-विल-गिव्ह दुसऱ्या हाताला. संध्याकाळी गोठ्यात मोठ्यानं, पहाटे कट्ट्यावर तोंडातल्या तोंडात. मला वाटायचं कुणाला ऐकू जात नाही. महिन्या-दोन महिन्यांत माझं इंग्रजी इतकं सुटलं की वैशू अडली तर मी कासेखालनं सांगायचो. पोरगी चिडायची आणि रात्रीत पाठ करून यायची. आज्जापेक्षा मागं राहायचं म्हणजे काय!

मग श्रावण सरता सरता मास्तर दावणीतल्या तिसऱ्या जागेसमोर जाऊन उभे राहिले. तिथं म्हैस नव्हती. खुंटाही नव्हता, नुसती खळगी.

"मालक, हितं कोण हुती?"

"चंद्री. पोट फुगून गेली गेल्या साली."

"मग म्हणा. इफ चंद्री हॅड लिव्ह्ड..." आणि थांबले.

पुढचं मला येत होतं. वैशूच्या पुस्तकात वाचलं होतं. चंद्री जगली असती तर तिनं दूध दिलं असतं. पण मी धार काढत राहिलो. ते परत म्हणाले. मी म्हणालो, "हे मी म्हणणार न्हाई."

"का?"

"बाप म्हणायचा, जनावर गेलं की त्याच दिवशी खुंटा उपटायचा. मोकळ्या खुंट्याकडं बघत बसलं की उरलेली उपाशी मरत्यात. मी उपटलाय. असतं तर आणि नसतं तर हे रिकाम्या माणसाचं काम हाय."

"ही भाषा हाय मालक, रडणं न्हवं."

"काय का असंना."

"तिसरं आलं न्हाई तर तुमचं शिकणं अर्धं राहील."

"अर्ध्याचा व्यापार तुमचाच हाय की," मी म्हणालो. पोरं फिदीफिदी हसली.

मास्तरांनी खडू खिशात ठेवला. "मी अर्धं देतो, मालक. ठेवून घेत न्हाई."

ते मला झोंबलं. मी चरवी घेऊन उठलो आणि सांगून टाकलं की आजपास्नं माझ्या तोंडात इंग्रजी नाही. पेंडीच्या पोत्यावरनं वैशूही उठली. पुस्तक मिटलं. "आज्जा उठला, मग मीबी उठले," म्हणाली. "ठरलंय तसं." रागानं म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती सरळ, सपाट आवाजात म्हणाली. घरात गेली आणि पुस्तक फळीवर, डब्यांच्या मागं ठेवून दिलं. थोरल्यानं ते बघितलं आणि लगेच तिला बघायला येणाऱ्या पावण्यांचा विषय काढला.

माझी चूक झाली असं मला वाटलं नाही. शब्द वर्गात बसायचा दिला होता, तिसरं म्हणायचा नव्हता. पण हे मी कुणाला समजावणार?

पहाटे कट्ट्यावर हरणीच्या कासेला हात लावला. काही नाही. एरवी हात लागायचा अवकाश, पान्हा सुटायचा. कास भरलेली, सड कोरडे. थोपटलं, पाणी मारलं, पेंड दाखवली. म्हैस लांब शिंगं मागं टाकून उभी, जशी माझी ओळखच नाही. रांगेत गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी. एक पैलवान म्हणाला, "आबा, म्हशीनं संप केला काय?" दुसरा म्हणाला, गिऱ्हाइकं मोजून पान्हा चोरतीया.

आणि मला कळलं. जनावराला धारेच्या वेळी जी सवय लावाल ती ते मागतं. कुणी गाणं म्हणतो, त्याला पुढं गाण्याशिवाय दूध मिळत नाही. म्हणून जाणता गवळी तोंड मिटून धार काढतो. हे मी माझ्या पोरांना थोबाडीत मारून शिकवलं होतं. जन्मभर तोंड मिटून धार काढली, आणि एका पावसाळ्यात म्हशीला इंग्रजीची चटक लावून बसलो होतो.

मी डोकं तिच्या बरगडीला टेकलं आणि पुटपुटलो, इफ यू कम. तिनं कान हलवला. जरा मोठ्यानं म्हटलं. दुसरा कान हलवला. एरवी तेवढ्यावर भागायचं, पण त्या दिवशी रुसलेल्या म्हशीला गोठ्यातला मोठा आवाज पाहिजे होता. पैलवान वाकून बघायला लागला. तिकडं पुस्तक फळीवर, इकडं पान्हा वर, आणि मधे मी. शेवटी मान ताठ केली आणि चौकाला ऐकू जाईल असं म्हणालो, "इफ यू गिव्ह मिल्क, आय विल गिव्ह पेंड."

पान्हा सुटला. चरवी वाजायला लागली.

कट्टा एवढा हसला की दोन गल्ल्यांतली कुत्री भुंकली. त्या दिवसापासनं माझ्या म्हशीचं नाव इंग्लिश मीडियम पडलं. फक्त एक माणूस हसला नाही. मास्तर रांगेत उभे होते. त्यांची पाळी आली, मी पेला दिला, त्यांनी डोळे मिटले, प्यायले, मिशी पुसली.

"वाक्य बरोबर हाय," ते म्हणाले. "तिसरं ऱ्हाऊ दे. ती माझी फी. पोरगी पास झाली तर द्या."

"आणि गेली तर?"

"तर मिसळ."

घरी जाऊन मी फळीवरचं पुस्तक काढलं, त्याला लागलेली फळीवरची धूळ धोतरानं पुसली आणि वैशूच्या पुढ्यात ठेवलं. ती काही विचारायच्या आत म्हणालो, चल, म्हैस खोळंबलीया. संध्याकाळी वर्ग भरला. थोरला एकदा मला बरं नव्हतं म्हणून धारेला बसला, तर त्यालासुद्धा 'इफ' म्हणायला लागलं. एबीसीडीवरनं हसणाऱ्या माणसाला म्हशीनं तेवढी शिक्षा केली.

तिसरं वाक्य मास्तर पोरांकडनं घोटून घ्यायचे, तेव्हा मी वैरण आणायला बाहेर जायचो. मास्तर बघायचे आणि सोडून द्यायचे. परीक्षेच्या दिवशी मी वैशूला शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. मास्तर तिथं आधीच सायकल धरून उभे. पोरं आत जाताना प्रत्येकाला अर्धं वाक्य देत होते आणि पोरं उरलेलं देऊन आत जात होती. वैशूला त्यांनी काही दिलं नाही. नुसतं "जा" म्हणाले. ह्या माणसाच्या तोंडून अट नसलेला शब्द मी तेवढा एकच ऐकला.

निकाल थंडीत लागला. वैशू पळत आली ती थेट गोठ्यात, कारण मी तिथं होतो. पास. इंग्रजीत काठावर नाही, चांगली पास. थोरला मागनं पेढे घेऊन आला आणि पावण्यांचा विषय त्यानं परत काढला नाही. ती आधी रडली, मग हसली. मग पेंडीच्या पोत्यावर बसली, वर्गात बसायची तशी, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "इफ आज्जा हॅड नॉट सॅट, आय वुड नॉट हॅव सॅट."

आज्जा बसला नसता तर मी बसले नसते. मला ते समजायला मराठी लागलं नाही.

हे तिसरं होतं. ज्या जागेकडं मी बघत नव्हतो, ती जागा. तिसऱ्या खुंट्याला मेलेलंच जनावर बांधायचं असतं, असं मी धरून चाललो होतो. पोरीनं त्या खुंट्याला मला बांधलं, आणि मी जिवंत होतो, हातात शेणाची पाटी घेऊन उभा. पाटी खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

"बरोबर हाय का, आज्जा?" ती म्हणाली.

"वुड इफच्या दावणीला बांधलेलं न्हाई," मी म्हणालो. "बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे हरणीला घेऊन मी कट्ट्यावर लवकर गेलो. थंडी होती, दुधातनं वाफ निघायची असले दिवस. गिऱ्हाइकं जमली, त्यात निम्मे मास्तरांचेच जुने विद्यार्थी, तो हवालदारही होता. मास्तर आपल्या वेळेला आले, सायकल भिंतीला टेकवली, कोटाचं बटण लावलं. मी हरणीला पाठीवर थाप दिली, ताठ उभा राहिलो आणि सगळ्या चौकात ऐकू जाईल असं म्हणालो, "इफ मास्तर हॅड नॉट कम टू माय गोठा..."

आणि थांबलो. त्यांच्यासारखा.

म्हशीचा पान्हा 'इफ'लाच सुटला होता. मी खाली बसून पेला भरला, फेसानं काठोकाठ, आणि त्यांच्या हातात दिला. इतक्या वर्षांत ह्या माणसानं गावावर अर्धी वाक्यं फेकली होती, पण त्याच्यावर कुणी फेकलं नव्हतं. आणि कायदा त्यांचाच होता, उरलेलं आल्याशिवाय हलायचं नाही.

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. पेला हातात तसाच. पुढचं काय ते तिथल्या प्रत्येकाला येत होतं, पण ते स्वतःच्या तोंडानं म्हणायचं म्हणजे स्वतःचीच आरती करणं, आणि ते त्या माणसाला कसं जमावं? मी घाई केली नाही. पान्ह्याला घाई चालत नाही, हे मला कळतं. पेल्यातला फेस हळूहळू खाली बसत गेला. मास्तरांच्या हातात फेस बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

शेवटी ते खोकले. म्हणाले, "आय वुड हॅव ड्रंक... पाणचट मिल्क."

नाहीतर मी आयुष्यभर पाणचट दूध पीत राहिलो असतो, म्हणे. कट्टा हसला, हवालदार सगळ्यात मोठ्यानं.

मी हसलो नाही. गोठ्यात यायच्या कितीतरी आधीपासनं ते रोज माझंच दूध पीत होते. "मास्तर, चूक," मी म्हणालो. "परत म्हणा."

आणि फेस बसलेला पेला त्यांच्या हातातनं काढून घेऊन मी स्वतः पिऊन टाकला, खाली बसलो, आणि त्यांच्यासाठी दुसरी धार लावली.